विश्लेषण : पोट रोज फुगते, मग ‘गॅसची गोळी’ का लागू पडत नाही? पोटफुगीचे खरे कारण काय?

सकाळी नीट बसलेला कुर्ता संध्याकाळी पोटावर ताणला जातो. परकराची नाडी सैल करावी लागते. दोन घास खाल्ले तरी पोट गच्च होते. यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यात, कोळसा आणि चुनखडीच्या पट्ट्यात वसलेल्या राजूरमध्ये काय किंवा पुण्या-मुंबईत काय, या तक्रारीला घरोघरी एकच नाव आहे : ‘गॅस’. उपायही ठरलेला : मेडिकलमधून एक गोळी किंवा ग्लासभर फसफसणारा सोडा. तासाभराने बरे वाटते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिनोन्‌महिने चालणाऱ्या या त्रासात पोटाइतकाच आत्मविश्वासही पोखरला जातो. पण त्याबद्दल कोणी बोलत नाही.

पोटफुगी म्हणजे नेमके काय?

पोटात दाब, ताण किंवा भरल्यासारखे वाटणे ही पोटफुगीची जाणीव. मराठीत यालाच पोटात गुबारा धरणे म्हणतात. पोटाचा घेर प्रत्यक्षात वाढलेला दिसणे ही वेगळी गोष्ट. काहींना दोन्ही होते, काहींना पोट सपाट असूनही आत फुगल्यासारखे वाटते.

लग्नाच्या पंगतीनंतर एखाद्या दिवशी पोट फुगणे हा आजार नाही. पचनसंस्थेच्या विकारांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘रोम-४’ निकषांनुसार, गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस हा त्रास होत असेल आणि त्याची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वी झाली असेल, तर तो दीर्घकालीन मानला जातो. अर्थात, त्याआधी इतर आजार नाहीत ना, हे पाहावे लागते.

किती जणांना हा त्रास होतो?

रोम फाउंडेशनच्या जागतिक पाहणीतील २६ देशांच्या ५१ हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीचे विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे १८ टक्के लोकांनी आठवड्यातून किमान एकदा पोट फुगत असल्याचे सांगितले. म्हणजे जवळजवळ दर सहा जणांमागे एक. महिलांमधील प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट होते.

महिलांमध्ये हे प्रमाण जास्त असण्यामागे संप्रेरकांचाही वाटा आहे. पाळी येण्याआधीच्या दिवसांत प्रोजेस्टेरॉनमुळे आतड्यांची हालचाल मंदावते, शरीरात पाणीही साठते. त्यामुळे महिन्यातले काही दिवस पोट हमखास जड वाटते.

पोट फुगते तेव्हा आत काय घडते?

बहुतेकांचा समज असा, की पोट फुगले म्हणजे आत फुग्यासारखा वायू भरला. निरोगी माणसाच्या आतड्यांत कोणत्याही वेळी साधारण १०० ते २०० मिलीलिटर वायू असतोच. दिवसातून १० ते २० वेळा तो बाहेर पडणेही सामान्य आहे. यातला काही वायू गिळलेल्या हवेचा असतो. उरलेला मोठ्या आतड्यातील जिवाणू न पचलेले पदार्थ आंबवतात तेव्हा तयार होतो.

मात्र बार्सिलोनातील संशोधकांनी पोट फुगलेल्या रुग्णांचे सीटी स्कॅन तपासले, तेव्हा अनेकांच्या आतड्यांत वायू फारच थोडा वाढलेला आढळला. मग पोट पुढे का आले? छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूंचा पडदा असतो. या रुग्णांमध्ये तो खाली ढकलला जात होता आणि त्याच वेळी पोटाच्या भिंतीचे स्नायू सैल पडत होते. एरवी पोट भरले की हा पडदा वर सरकतो आणि पोटाचे स्नायू आवळले जातात. इथे नेमके उलटे घडत होते.

दुसरे कारण संवेदनशीलतेचे. आतड्यातील नेहमीचा वायूही काहींच्या मेंदूला जास्त जाणवतो. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणजे आयबीएस असलेल्यांमध्ये हे ठळकपणे दिसते. तिसरे आणि सर्वाधिक दुर्लक्षित कारण म्हणजे बद्धकोष्ठता. मळ पुढे सरकला नाही, की मागे वायू अडतो. रोज शौचाला होते, पण पोट साफ होत नाही, हीसुद्धा बद्धकोष्ठताच.

मग ‘गॅसची गोळी’ काय करते?

गॅसची गोळी म्हणून ज्या गोळ्या घेतल्या जातात, त्यांतील पॅन्टोप्राझोल आणि ओमेप्राझोल ही औषधे जठरातील आम्ल कमी करतात. छातीत जळजळ किंवा अल्सर असेल तर ती उपयोगी आहेत. पण आतड्यातील वायूशी, बद्धकोष्ठतेशी किंवा श्वासपटलाच्या हालचालीशी त्यांचा थेट संबंध नाही.

उलट, डॉक्टरांच्या सल्ल्याविना ही औषधे दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होऊ शकते. लहान आतड्यात जिवाणूंची नको तितकी वाढ होण्याशीही त्यांचा संबंध आढळला आहे. या वाढीचे एक लक्षण म्हणजे पोटफुगी. म्हणजे ज्यासाठी गोळी घेतली, तोच त्रास वाढण्याची शक्यता. काही कॅप्सूलमध्ये सोबत डोम्पेरिडोन असते. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना ते धोक्याचे ठरू शकते.

फसफसणाऱ्या सोड्यातून कार्बन डायऑक्साइड पोटात जातो आणि ढेकर येते. ढेकर आली म्हणून मोकळे वाटते, इतकेच. या पावडरींमध्ये सोडियम भरपूर असते. त्यामुळे रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी त्या रोज घेऊ नयेत. ओवा, हिंग यांनी काहींना आराम पडतो आणि स्वयंपाकातल्या प्रमाणात ते घ्यायला हरकत नाही. पण घरगुती उपायावर महिने काढणे योग्य नाही.

राजूर-वणी परिसरातील दिनचर्येत कोणती कारणे दडली आहेत?

आहार : तर्री पोह्यांवरचा हरभऱ्याचा रस्सा, पाटोडी, गोळाभात, झुणका हा विदर्भाच्या ताटाचा अभिमान. या सगळ्यांत हरभरा किंवा त्याचे पीठ आहे. हरभऱ्यातील काही शर्करा माणसाच्या लहान आतड्यात पचतच नाहीत, त्या थेट जिवाणूंच्या वाट्याला जातात. कांदा, लसूण आणि गव्हातील फ्रुक्टान या घटकाचेही तसेच. पदार्थ वाईट नाहीत. मात्र ज्यांचे आतडे संवेदनशील आहे, त्यांना प्रमाण सांभाळावे लागते.

पाळीचे काम : वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींमुळे या पट्ट्यातील अनेक घरांचे घड्याळ पाळ्यांवर चालते. आतड्यांनाही स्वतःचे घड्याळ असते. रात्री त्यांची हालचाल मंद असते. रात्रपाळीत भरपेट जेवण, दिवसा तुटक झोप आणि दर आठवड्याला बदलणारी वेळ यांमुळे पचन बिघडते. घरातला एक जण पाळीवर असला, की डबा करणाऱ्या बाईचेही जेवण-झोपेचे वेळापत्रक कोलमडते.

खर्रा : विदर्भात सर्रास खाल्ला जाणारा खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना. तो चघळताना लाळेसोबत हवाही गिळली जाते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहे तो वेगळाच. ‘खर्रा खाल्ल्याशिवाय पोट साफ होत नाही’ असे सांगणारे अनेक असतात. तो निकोटिनचा परिणाम असतो, उपचार नव्हे.

शौच दाबून ठेवणे : शेतात, भट्टीवर किंवा बाजारात काम करणाऱ्या महिलांना स्वच्छतागृह जवळ नसते. म्हणून पाणी कमी प्यायले जाते, शौचाची भावना दाबली जाते. वर्षानुवर्षांच्या या सवयीतून बद्धकोष्ठता येते.

पाणी : यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. फ्लोरोसिस म्हटले की डागाळलेले दात आणि वाकलेली हाडे आठवतात. पण मळमळ, पोटदुखी, पोट फुगणे या तक्रारीही त्यात आढळतात. घरातील अनेकांना एकाच वेळी असा त्रास असेल आणि पाणी बोअरवेलचे असेल, तर पाणी तपासून घेणे शहाणपणाचे.

गॅस, चरबी की पाणी? ओळखायचे कसे?

• फुगलेले पोट दिवसभरात बदलते. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. एका दिवसात घेरात काही सेंटीमीटरचा फरक पडू शकतो.

• चरबी सकाळ-संध्याकाळ बदलत नाही. ती चिमटीत धरता येते. घेर सकाळी, उपाशीपोटी, श्वास सोडल्यावर मोजावा. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि महिलांसाठी ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त घेर हा मधुमेह व हृदयविकाराच्या धोक्याचा इशारा मानला जातो.

• पोटात पाणी झाले असेल तर घेर दिवसागणिक वाढतच जातो. पायांवर सूज, धाप, डोळे पिवळे होणे अशी लक्षणे सोबत असू शकतात. यात घरी थांबू नये.

हा फरक महत्त्वाचा आहे. पोटफुगी असलेली मुलगी स्वतःला जाड समजून जेवण सोडते. उपाशी राहून बद्धकोष्ठता वाढते, मग एकदम जास्त खाल्ले जाते आणि पोट आणखी फुगते.

‘दिवस गेलेत का?’ या प्रश्नाची किंमत

लहान गावात शरीर ही खासगी बाब राहत नाही. हळदी-कुंकवाला गेलेल्या बाईच्या पोटाकडे पाहून ‘काय, गोड बातमी का?’ असे सहज विचारले जाते. जिला मूल होत नाही म्हणून उपचार सुरू आहेत, तिच्यासाठी तो प्रश्न घाव असतो. लग्न ठरवण्याच्या काळात मुलीच्या पोटावरून टोमणे मारले जातात. पुरुषांची ‘ढेरी’ तर चेष्टेचाच विषय. शाळकरी पोराला ‘ढोल’ म्हणून हाक मारली जाते आणि सगळे हसतात.

परिणाम हळूहळू दिसतो. आधी घट्ट कपडे बंद होतात, मग फोटोत मागे उभे राहणे सुरू होते. लग्नाला जायचे तर सकाळपासून उपास. गाडीत, वर्गात, पाळीच्या बसमध्ये वायू सुटेल या भीतीने प्रवास टाळला जातो. आरशासमोर दिवसातून दहा वेळा पोट तपासले जाते.

यात केवळ मनाचा कमकुवतपणा नाही. आतडे आणि मेंदू मज्जातंतूंनी जोडलेले आहेत. काळजी वाढली, की आतड्यांची हालचाल आणि संवेदना बदलते. पोट फुगते, म्हणून काळजी वाढते. हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते. त्यामुळे ‘सगळे तुझ्या डोक्यात आहे’ हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचे आहे. त्रास खरा आहे, त्याच्या तारा डोक्यापर्यंत जातात एवढेच.

पोट लपवण्यासाठी परकराची नाडी आवळणे किंवा पोटपट्टा दिवसभर बांधणेही बरे नाही. पोटावर दाब येऊन आम्ल वर चढते. परकराच्या घट्ट नाडीमुळे वर्षानुवर्षे घर्षण होऊन कमरेवर जखम आणि पुढे त्वचेचा कर्करोग झाल्याची दोन महिलांची प्रकरणे वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडली होती. असे फार क्वचित घडते. पण नाडी सैल, रुंद पट्ट्याची असावी आणि तिची जागा बदलत राहावी, हा धडा सगळ्यांसाठी आहे.

घरच्या घरी काय करता येईल?

• दोन आठवडे नोंद ठेवा. काय खाल्ले, किती वाजता, शौच कशी झाली, झोप, पाळीची तारीख आणि पोट केव्हा फुगले. मोबाइलमधील नोट्स पुरेशा आहेत. डॉक्टरांना ही नोंद कोणत्याही वर्णनापेक्षा जास्त सांगते.

• आधी पोट साफ होऊ द्या. पाणी, पालेभाज्या, चालणे आणि शौचाची ठरलेली वेळ. इसबगोल घ्यायचे तर थोड्या मात्रेपासून, भरपूर पाण्यासोबत. एकदम जास्त घेतल्यास सुरुवातीला पोट आणखी फुगते.

• हरभरा, राजमा, वाटाणे रात्रभर भिजवा आणि ते पाणी फेकून ताज्या पाण्यात शिजवा. न पचणाऱ्या शर्करांचा काही भाग पाण्यासोबत निघून जातो.

• लसूण सोसत नसेल तर अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाका. वास तेलात उतरतो, पण त्रास देणारा फ्रुक्टान तेलात विरघळत नाही.

• सावकाश जेवा. जेवताना मोबाइल आणि घाई दोन्ही बाजूला. जेवणानंतर १०-१५ मिनिटे रमतगमत चाला.

• पोटाने श्वास घ्या. आडवे होऊन एक हात छातीवर, एक पोटावर ठेवा. श्वास घेताना पोटावरचा हात वर यावा, सोडताना खाली जावा. जेवणानंतर पाच मिनिटे पुरे. श्वासपटलाची बिघडलेली हालचाल सुधारण्याचा हा साधा सराव आहे.

• दुधाची परीक्षा घ्या. जगातील सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांना दुधातील साखर पचवण्याची क्षमता कमी असते. आठवडाभर दूध बंद करून फरक पडतो का ते पाहा. दही, ताक बहुतेकांना सोसते.

डाळी आणि पोळी कायमची बंद करावी का?

नाही. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाने विकसित केलेला ‘लो-फॉडमॅप’ आहार आयबीएसच्या अनेक रुग्णांना उपयोगी पडतो. सहज आंबणाऱ्या शर्करा असलेले पदार्थ यात दोन ते सहा आठवडे कमी केले जातात. त्यानंतर एकेक पदार्थ परत सुरू करून कोणता बाधतो ते शोधले जाते. समाजमाध्यमांवर पहिला टप्पा सांगितला जातो, दुसरा सांगितलाच जात नाही. तिथेच घोळ होतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. अशा वेळी ताटातील डाळी काढून टाकणे म्हणजे प्रथिने आणि लोहावर पाणी सोडणे. त्यापेक्षा अदलाबदल बरी. गव्हाच्या पोळीऐवजी काही दिवस ज्वारीची भाकरी खावी. हरभऱ्याऐवजी मुगाचे वरण करावे, तेही थोडे-थोडे. विदर्भाच्या जुन्या ताटात ज्वारी होतीच, तिला फक्त परत आणायचे आहे. शक्य असेल तर आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच हा प्रयोग करावा.

कोणत्या लक्षणांत वाट पाहू नये?

• छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणे, धाप. याला ‘गॅस चढला’ समजून गोळी घेत बसू नये. १०८ वर फोन करावा. मधुमेही आणि महिलांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे अपचनासारखी वाटू शकतात.

• पोट एकदम फुगून शौच आणि वायू दोन्ही बंद होणे, सोबत उलट्या. आतड्याला अडथळा झालेला असू शकतो.

• शौचातून रक्त, काळी शौच, कारण नसताना वजन घटणे, सततचा ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारी पोटदुखी. आपल्याकडे पोटाच्या क्षयरोगाचा विचार अशा वेळी करावाच लागतो.

• पन्नाशीच्या आसपास किंवा त्यानंतर प्रथमच सुरू झालेली पोटफुगी. महिलांमध्ये जवळजवळ रोज पोट फुगणे, लवकर पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवी ही अंडाशयाच्या कर्करोगाची सुरुवातीची लक्षणे असू शकतात. अशा प्रत्येकीला कर्करोग नसतो. पण सोनोग्राफी आणि डॉक्टरांनी सांगितल्यास सीए-१२५ ही रक्ततपासणी टाळू नये.

तपासणी कुठे आणि कशी?

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा वणीतील सरकारी रुग्णालयातून करता येते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि शौचाची तपासणी यांतून बऱ्याच गोष्टी स्पष्ट होतात. गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सिलिअॅक आजारासाठी वेगळी रक्ततपासणी असते. ती होण्याआधी गहू बंद करू नये, नाहीतर निकाल चुकीचा येऊ शकतो. पुढील उपचारांसाठी यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि नागपूरचे एम्स हे सरकारी पर्याय आहेत. प्रवास शक्य नसेल तर ‘ई-संजीवनी’वर डॉक्टरांचा सल्ला मिळतो.

तपासण्या सामान्य आल्या म्हणजे काहीच नाही, असे समजू नये. आयबीएस आणि दीर्घकालीन पोटफुगीत अहवाल सामान्यच येतात. त्यावर आहार, औषधे, श्वासाचा सराव आणि समुपदेशन असे उपचार आहेत. शरीराच्या लाजेने जेवण, कॉलेज, काम किंवा माणसे टाळली जात असतील, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

घरच्यांसाठी एकच गोष्ट. कोणाच्याही पोटाकडे पाहून बोलायचे नाही. विचारायचेच असेल तर ‘त्रास होतोय का, दवाखान्यात सोबत येऊ का?’ एवढे विचारावे.